गाळ आणि जाब

‘स्लज मेटल’ या संगीतातील स्लज म्हणजे गाळ. गिटारच्या तारा सैल करून काढलेला खोल, जड नाद आणि गाणे जवळजवळ ओरडणे. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीच्या ‘चॅट पाइल’ या बँडच्या बाबतीत हा गाळ शब्दशः खरा आहे. त्याच राज्यातील पिचर गावाभोवती शिसे-जस्ताच्या खाणींतून निघालेल्या विषारी खडीच्या ढिगांना ‘चॅट पाइल’ म्हणतात. जमीन क्वापॉ आदिवासींची, नफा खाणमालकांचा आणि शिसे गावच्या मुलांच्या रक्तात. २००९ मध्ये तेथील नगरपालिकाच विसर्जित झाली.

‘स्लॉटरहाऊस’ या गाण्याने सुरू होणाऱ्या ‘गॉड्स कंट्री’ (२०२२) या ध्वनिमुद्रिकेत बँडने एक साधा प्रश्न विचारला होता: माणसांना उघड्यावर का राहावे लागते? विचारणारा स्वतः उघड्यावर राहिलेला नाही आणि गाण्यातच तो हे कबूल करतो. दुसऱ्याचे दुःख आपल्या नावावर न मांडण्याचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. सहानुभूतीला स्वतःची मर्यादा कळली की ती दया न राहता जाब होते.

‘कूल वर्ल्ड’ (२०२४) ही ध्वनिमुद्रिका मात्र ओक्लाहोमा ओलांडून साऱ्या जगातील हिंसेकडे वळते. नाद अधिक बांधीव झाला आहे, पण प्रश्न विरळ झाला. सारे जगच कत्तलखाना ठरवले की कत्तलखान्याचा मालक सुटतो. वेदना वैश्विक असते, हे आम्ही प्रस्थापित समीक्षकांकडून पुष्कळ ऐकले आहे. विद्रोह कोणाविरुद्ध, हे सांगावेच लागते. या बँडच्या नावातच ते उत्तर आहे.