ख्रिस्तपुराण आणि आपला धर्मग्राम

चर्चचा प्रभाव समाजात कसा वाढेल, हा प्रश्न आमच्या धर्मग्रामाच्या सभेत वारंवार निघतो. उत्तरेही ठरलेली असतात : सणाला मोठा मंडप, नवे सभागृह, अधिक दूर ऐकू जाणारा ध्वनिक्षेपक. आम्हीही वर्षानुवर्षे त्यांना मान डोलावली. मात्र फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' नुकतेच पुन्हा वाचले आणि आपण आवाजालाच प्रभाव समजत आलो की काय, अशी शंका मनात आली.

१५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने साष्टीच्या नवख्रिस्ती समाजासाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. ते १६१६ साली छापून निघाले. ग्रंथाच्या आरंभीच श्रोत्यांतील एक जण विचारतो की, जुनी पुराणे वाचण्याची मनाई झाली, तर त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? आमच्या मते ग्रंथाचे खरे मर्म येथे आहे. स्टीफन्स हे गाऱ्हाणे दडपीत नाहीत. उलट त्याच्या उत्तरादाखल पुराण उभे करतात. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून बोलीतील सोपे शब्द योजल्याचे ते प्रस्तावनेत सांगतात. जेथे सिद्धान्त समजावायचा असतो तेथे त्यांची ओवी रेंगाळते. जेथे प्रभूची कथा सांगायची असते तेथे ती मोकळी वाहते. प्रवचनकारांनी हे ध्यानात घ्यावे.

या ग्रंथाला एक काळी किनारही आहे, ती लपवणे योग्य नव्हे. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली होती. प्रश्न विचारणाऱ्या त्या श्रोत्याच्या पाठीशी सत्ता नव्हती, ती उत्तर देणाऱ्याच्या बाजूस होती. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडण्याचे फर्मान काढले. ते फर्मान आज इतिहासजमा आहे. पुराणाच्या जुन्या छापील प्रतीही नाहीशा झाल्या. परंतु श्रद्धावंतांनी हाताने उतरवून जपलेल्या प्रती उरल्या. त्यांच्याच आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. दिव्याच्या उजेडात एकेक ओवी उतरवून घेण्याची सक्ती त्या माणसांवर कोणी केली नव्हती. प्रभाव म्हणतात तो हाच.

आपल्या काळातील उदाहरण वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. त्यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले, तसेच वसईच्या पाण्याचा व हिरवाईचा प्रश्न घेऊन ते सर्वधर्मीय शेजाऱ्यांसह रस्त्यावर उतरले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले ते मराठी समाजाने त्यांना आपले मानले म्हणून. २०२४ साली ते प्रभुघरी गेले.

या दोघांसमोर आम्ही स्वतःला उभे केले तेव्हा संकोच वाटला. दर रविवारी आम्ही उत्तरे सांगतो. लोकांचा प्रश्न कोणता, हे शेवटचे केव्हा विचारले, ते आठवत नाही. म्हणून पुढील सभेत मंडपाचा विषय थोडा मागे ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. आधी आपण धर्मग्रामातील घरांत जाऊन बसू, शेजारच्या आळीतही जाऊ, आणि ऐकू.