अद्भुत शक्ति आणि कुमारवाचक

इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक १९६४ सालीं निघाला तो वेताळाचाच. पुढें मराठींतूनही त्यानें मुलांस वेड लावलें. परंतु ली फॉक यांच्या १९३६ सालच्या ह्या नायकाच्या अंगीं दैवी शक्ति मुळींच नाहीं. बापाचा मुखवटा मुलगा चढवितो, आणि लोक त्यास अमर समजतात! ही कल्पना आम्हांस मोठी मार्मिक वाटते. वेल्सच्या अदृश्य माणसास (१८९७) खरी शक्ति लाभते. पण कपडे टाकून थंडींत कुडकुडावें लागतें, आणि खाल्लेला घांस पचेपर्यंत पोटांत दिसत राहतो. आमच्या कुमारकथांतील बहुतेक चमत्कारी नायक मात्र कांहींच न गमावतां उडतात. कर्नाळ्याचा सुळका नित्य पाहणाऱ्या पनवेलच्या मुलास चढतांना दम लागतो हें ठाऊक आहे. त्याच्या हातीं आम्ही आधीं वेल्सच देऊं.