काळाराम-सत्याग्रहाचीं साधनें : एक टीका

पंचवटींतील काळाराम मंदिराचा सत्याग्रह ता. २ मार्च १९३० रोजीं सुरू झाला. त्याविषयींचीं वृत्तपत्रांतील वृत्तें व सरकारी नोंदी महाराष्ट्र शासनानें १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या, डॉ. आंबेडकर व त्यांची चळवळ यांवरील इंग्रजी साधनग्रंथाच्या पहिल्या खंडांत आढळतात. संग्रहाचे श्रम स्तुत्यच आहेत. आमचा आक्षेप आहे तो या साधनांच्या एकांगी उपयोगावर.

जमाव किती होता, दरवाजे केव्हां बंद झाले, कोणास पकडलें, एवढेंच अशा नोंदी मुख्यतः सांगतात. तेवढ्यावर विसंबणारा अभ्यासक सरकारास तटस्थ पंच ठरवून मोकळा होतो. परंतु या तटस्थतेचें मूळ नाशिकच्या कचेरींत नव्हे, १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यांत आहे. धर्मांत हात न घालण्याचें तें वचन पुढें सुधारणेच्या प्रत्येक मागणीआड आलें. ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदे कौन्सिलांत मंजूर झालेला रा. बोले यांचा ठराव सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांपुरताच होता. देवळें त्याबाहेर राहिलीं. जानेवारी १९३३ मध्यें मद्रासच्या डॉ. सुब्बरायन यांच्या मंदिरप्रवेश-विधेयकास व्हाइसरॉयांनीं, प्रश्न अखिल हिंदुस्थानचा म्हणून, परवानगी नाकारली. रंगा अय्यर यांचें विधेयक मध्यवर्ती असेंब्लींत येऊं दिलें, तेंहि ऑगस्ट १९३४ मध्यें मागें घेतलें गेलें. प्रांताचा प्रश्न दिल्लीस गेला आणि तेथें लोकमताच्या नांवाखालीं विरला. दार आधींच बंद असतां ‘शांतता राखणें’ म्हणजे बंद करणाराचा पक्ष राखणें होय, हें या तारखा जुळविल्याविना दिसत नाहीं.

दुसरा साक्षीदार म्हणजे डॉ. आंबेडकरांचीं भाऊराव गायकवाडांस गेलेलीं पत्रें. मूर्तिपूजेची ओढ हा हेतु नसून अस्पृश्य मानलेल्या समाजास आपल्या स्थितीची जाणीव व्हावी हा होता, असें ता. ३ मार्च १९३४ च्या पत्रावरून कळतें. केवळ वृत्तें वाचणारास सत्याग्रह थांबला म्हणजे हरला असें वाटेल. हें पत्र व ता. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा एकत्र वाचणारास तसें म्हणवणार नाहीं. मुंबईच्या १९३८ च्या कायद्यानें प्रवेश विश्वस्तांच्या इच्छेवर सोडला होता; हक्क म्हणून तो १९४७ च्या कायद्यानें मिळाला.

संग्राहकांस एक विनंती. पेशवाईच्या सनदांसाठीं आपण वाडे धुंडाळतों, तितक्याच आस्थेनें १९३० चीं हस्तपत्रकें, वर्गणीच्या पावत्या, घरगुती पत्रें शोधावींत. सत्याग्रह्यांचीं तशींच पुजारी-पंचांचींहि. जुन्नरी कागद दोन शतकें टिकला, गिरणीचा स्वस्त कागद तितका टिकणारा नाहीं. प्रत्येक कागद कोणाच्या घरीं मिळाला तेंहि त्याच दिवशीं लिहून ठेवावें. नाहींतर पुढच्या पिढीस पोलिसांची नोंद हाच एकमेव इतिहास उरेल.