वाघ मागे आहे

मराठीत समीक्षा कशाची झालेली नाही? कवितेची झाली, नाटकाची झाली, समीक्षेचीसुद्धा समीक्षा झाली. पण ज्या कलाप्रकाराचा निदान एक तरी नमुना घरोघरी कपाटाच्या खालच्या खणात सापडतो, त्याकडे समीक्षकांनी ढुंकूनही पाहिलेलं नाही. तो म्हणजे राणीच्या बागेतला सहकुटुंब फोटो. पाहुण्यापुढे कांदेपोहे आणि हा आल्बम एकदमच येतात, आणि पाहुणा ज्या सुरात पोह्यांना 'छान' म्हणतो त्याच सुरात फोटोंनाही 'छान' म्हणून मोकळा होतो. हल्ली आल्बमऐवजी फोन पुढे येतो आणि पोहे संपले तरी फोटो संपत नाहीत, एवढाच काय तो फरक. मी मात्र गेली कित्येक वर्षं हे फोटो बशी बाजूला ठेवून, चष्मा पुसून पाहत आलो आहे. तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार आपल्याला आहे, असं मी स्वतःच ठरवलं आहे. (समीक्षकांना तो असाच मिळतो, असं ऐकतो.)

या कलेतला सर्वांत जुना आणि अजून गादी चालवणारा संप्रदाय म्हणजे रांगेचा. उंच माणसं मागे, बुटकी पुढे, पोरं उकिडवी, वन्संच्या खांद्याला पर्स, भावजींच्या हातात वॉटरबॅग. सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे आणि पाठी पिंजऱ्याकडे. फोटो दाखवताना यजमान भावजींच्या कानाशी करंगळी टेकवून सांगतात, "वाघ इथे मागे आहे." आपण डोळे ताणतो. तिथे काहीतरी पिवळसर असतं. ते वाघाचं शेपूट असेल, किंवा पलीकडच्या बाईंचा पदर असेल. वाघ पाहायला म्हणून गेलेल्या बारा जणांच्या फोटोत वाघ सोडून बाराही जण असतात.

याला एके काळी कारण होतं, हे नोंदवलं पाहिजे. अ‍ॅग्फाचा क्लिक-थ्री घराण्यात एकाकडे असायचा आणि बाकीचे तो मागून न्यायचे. १२० च्या रोलात फोटो निघायचे १२. त्यातले चार आधीच्या बारशात संपलेले, दोन पुढच्या मुंजीसाठी राखलेले, एकात मामांचं बोट. उरलेल्या पाचांत माणशी एक फोटो कसा परवडणार? म्हणून सगळे एका चौकटीत कोंबायचे. तेव्हाची रांग ही काटकसर होती. आज फोनात हजारो फोटो मावतात, धुलाईचा खर्च नाही. रॉकेलची रांग गेली, टेलिफोनच्या नंबराची रांग गेली, पण फोटोतली रांग काही मोडत नाही. राणीची बाग बुधवारी बंद असते हे ठाऊक नसल्यामुळे बंद फाटकासमोरच काढलेला रांगेचा एक फोटो माझ्या पाहण्यात आहे. तो आतल्या फोटोंपेक्षा फारसा वेगळा नाही.

हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांकडे पेशवे पार्कातल्या फोटोंचा मोठा साठा आहे. तिथलं प्राणिसंग्रहालय १९५३ साली सुरू झालं. पुढे १९९९ मध्ये कात्रजला नवं उघडलं आणि २००५ पर्यंत पेशवे पार्कातली जनावरं तिकडे गेली. म्हणजे आता ते पिंजरे पाहायचे तर जुन्या फोटोतच. आणि जुन्या फोटोत पिंजऱ्यासमोर मावशी उभ्या! मावशींविषयी मला आदर आहे. पण मावशी लग्नातल्या फोटोतही आहेत, सत्यनारायणाच्या फोटोतही आहेत. पेशवे पार्कातलं अस्वल दुसरीकडे कुठे मिळणार?

रांगेची सर्वांत मोठी शिक्षा पोरांना. पोरगं कठड्याला लोंबकळून माकडाकडे बघत असतं. माकड पोराकडे बघत असतं. दोघांचं काहीतरी जमत आलेलं असतं, एवढ्यात मागून आई, बाबा, आत्या आणि दोन काका एका सुरात ओरडतात, "बाळा, इकडे बघ! इकडे, इकडे!" बाळ वळतं, दात दाखवतं, आणि फोटो निघतो तो दात दाखवणाऱ्या बाळाचा. तसा तो गच्चीवरही निघाला असता. बाळाला एवढ्या लांब आणायचं ते जनावरं दाखवायला, आणि आणल्यावर दिवसभर 'इकडे बघ' म्हणायचं. वास्तविक फोटो घ्यायचा तो त्या आधीच्या क्षणाचा. थोडं बाजूला सरकायचं, पोराच्या डोळ्यांच्या उंचीला खाली बसायचं (गुडघे वाजतात, वाजू द्यावेत), म्हणजे चौकटीत पोराचा गाल आणि माकडाचं तोंड दोन्ही येतात. ज्याला आपले समीक्षक आशय आणि अभिव्यक्तीची सेंद्रिय एकात्मता म्हणतात, ती हीच असावी. निदान मला तरी ती दुसरीकडे कुठे सापडलेली नाही.

दुसरा संप्रदाय जाळीचा. यात माणसं नसतात, जनावर असतं, पण ते गणिताच्या वहीवर काढल्यासारखं चौकोनाचौकोनांत. यात दोष कॅमेऱ्याच्या स्वभावाचा आहे. तो बहुधा जवळची वस्तू धरून बसतो आणि लांबची पुसट करतो. नात्यागोत्यातही असंच चालतं. म्हणून फोनच्या पडद्यावर जाळीला नव्हे, वाघाच्या डोळ्याला बोट लावावं. कठडा न ओलांडता जितकं जाळीजवळ जाता येईल तितकं जावं आणि दूरचं जवळ आणणारं भिंग वापरावं. जाळीचा उन्हातला भाग टाळून सावलीतला धरावा. आणि मुख्य म्हणजे वाघ जाळीपासून मागे सरकेपर्यंत थांबावं. मग जाळी विरघळल्यासारखी नाहीशी होते. पण थांबणं हेच तर कुटुंबाला जमत नाही. अकराला निघू म्हणत साडेबाराला बागेत पोचायचं, तेव्हा ऊन डोक्यावर, माणसांच्या डोळ्यांखाली काळे डाग आणि वाघ आडवा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जनावरं फिरतात. भर दुपारी ती झोपतात, आणि जागी असते फक्त सुनेच्या हातातली थालीपिठांची पिशवी. दिवसभर न हलता फोटो देणारे बागेत दोघेच: घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आणि १९६५ साली फोर्टातून हलवलेला काळा घोडा. त्यांचे फोटो सगळ्यांकडे उत्तम आलेले आहेत.

तिसरा संप्रदाय काचेचा, आणि तो अलीकडचा. राणीच्या बागेत २०१६ साली सेऊलहून पेंग्विन आले, २०१७ साली ते लोकांना दाखवू लागले, आणि आल्बममध्ये पेंग्विनच्या पांढऱ्या पोटावर आत्याबाईंचा चेहरा उमटू लागला. आपल्या बाजूला उजेड आणि पलीकडे अंधार असला की काच आरशाचं काम करते. त्यात फ्लॅश मारला की मध्ये एक पांढरा सूर्य उगवतो, आणि काचेपलीकडच्या जीवाला त्रास होतो तो वेगळाच. फ्लॅश बंद करावा, फोन काचेला सपाट टेकवावा, आणि भडक साडी नेसलेल्या नातलगांना प्रेमाने बाजूला करावं. कुणाची काळी ओढणी फोनभोवती धरता आली तर आणखी बरं.

याच संप्रदायातला एक फोटो मी माझ्या भाचीच्या फोनमधून मरता मरता वाचवला. ती पुसायलाच निघाली होती. "मामा, यात पिंट्या पार काळा आलाय." आला होता खरा. पिंट्याचा नुसता आकार, केसांचा एक उभा झुबका, काचेवर पसरलेला पंजा. आणि पलीकडे निळ्या पाण्यात एक पेंग्विन मान वाकडी करून त्या पंजाकडे बघतोय. पिंट्याचं नाक, डोळे, नवा शर्ट, काही काही दिसत नाही. आणि तरी त्या दिवशीच्या दोनशे फोटोंत पिंट्या दिसतो तो फक्त याच एकात. हे मी भाचीला पटवून देऊ शकलो नाही. मी म्हातारा झालो आहे म्हणून तिने फोटो राहू दिला.

या परंपरेतली माझ्या मते सर्वश्रेष्ठ कृती आमच्या साडूंच्या घरी आहे. १९७०च्या दशकातली, कृष्णधवल. त्यांचे वडील करड्या शिस्तीचे. ते उभे राहिले की रांग आपोआप लागायची. त्या दिवशीही लागत होती. पण पाणघोड्याने नेमका तेव्हाच जबडा उघडला, वडील वळले, आणि क्लिक-थ्री धरणाऱ्याचं बोट दाबलं गेलं. फोटोत काळी टोपी घातलेले वडील पाणघोड्याएवढाच आ वासून उभे आहेत. बाकीची रांग अर्धवट, एकीचा पदर उडालेला, एक पोरगं चौकटीबाहेर. या घराण्यात वडिलांना असं चकित झालेलं एरवी कुणीच पाहिलेलं नव्हतं. कित्येक वर्षं तो आल्बममध्ये 'बिघडलेला फोटो' म्हणून शेवटच्या पानावर होता. वडील गेले तेव्हा भिंतीवर स्टुडिओतला लावला: कोट, टोपी, ताठ मान, कुणाकडेही न बघणारे डोळे. त्याला हार घालतात. पण दिवसकार्य आटोपल्यावर जो तो साडूंना बाजूला घेऊन विचारत होता, "तो पाणघोड्याचा आहे ना अजून?" साडूंनी निगेटिव्ह शोधायला माळा उपसला. मिळाली नाही. शेवटी त्यांनी त्या फोटोचाच फोनवर फोटो काढून सगळ्यांना पाठवला. त्यात कोपऱ्यात साडूंचा अंगठा आला आहे.