मुक्तिसंग्रामाचे वाङ्मय आणि सामान्य गृहस्थ

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बराच भाग आठवणींचा असून त्या लिहिणारे स्वतः लढलेले होते. त्यांच्या सचोटीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. तथापि अशी पुस्तके ओळीने वाचीत गेले म्हणजे एक उणीव सारखी खुपू लागते. 30 जानेवारी 1948 रोजी उमरीची बँक कशी लुटली, हे वाचताना श्वास रोखला जातो. परंतु दुसऱ्या दिवशी उमरीतच राहणे ज्यांना भाग होते, त्यांच्या घरी काय घडले? रझाकारांच्या भयाने नांदेडकडील कुटुंबे पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या बाजूस गेली, लातूरकडील बार्शी-सोलापुरास गेली. निघताना दाणागोटा कोठे ठेवला, दुभते जनावर कोणाच्या दावणीला बांधले, परतल्यावर शेत कोणाच्या ताब्यात होते, याचा उल्लेख झालाच तर एखाद्या वाक्यात, तोही पुढाऱ्याच्या दौऱ्याच्या ओघात. स्वामी रामानंद तीर्थांस याचा दोष देता येणार नाही. मुक्तीच्या वेळी ते तुरुंगात होते. बाहेर असलेल्यांचे काय?

यास एक शब्दही कारण झाला असावा. 13 सप्टेंबर 1948 रोजी रणगाडे व विमाने घेऊन फौज आत शिरली. त्यास आपण आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो. युद्ध म्हटले की मागे उरलेल्यांची विचारपूस ओघानेच येते. पोलिसांचे काम मात्र पाच दिवसांत आटोपले की दप्तर मिटते.

वस्तुतः ते मिटले नव्हते. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्यानंतर संस्थानात हिंडून अहवाल दिला. फौज आल्यावर 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज आहे. आकड्यावर वाद आहे, तो असो. अधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत तिने नांदेड व उस्मानाबाद यांची नावे घातली. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. कासिम रझवी लातूरचा वकील. त्याच्या पापाची भरपाई त्याच्या गावच्या, त्याच्याशी काडीचा संबंध नसलेल्या मुसलमान गृहस्थांकडून करून घेतली गेली. रझाकारांनी जाळलेल्या घराविषयी ज्या लेखणीला शब्द सापडले नाहीत, तिला या घरांविषयी ते कोठून सापडणार? आमच्या मते ही दोन मौने नसून एकच आहे.

तो अहवाल अखेर 2013 साली नूरानींच्या इंग्रजी ग्रंथात सर्वांस वाचावयास मिळाला. 1948 साली वीस वर्षांचा असलेला लातूरकर तोवर पंच्याऐंशीचा झाला होता.