‘लीळाचरित्रा’तील देवाचे माणूसपण

शनिवार पेठेतल्या ओंकारेश्वराच्या गाभाऱ्यात शिवलिंग आहे. ते कुठे मुक्कामाला राहिले, कुणाशी काय बोलले, असे कुणी विचारत नाही. चक्रधरांबाबत म्हाइंभटांनी मात्र नेमके हेच विचारले.

चक्रधर म्हणजे परमेश्वराचा अवतार, ही महानुभावांची श्रद्धा. हरिपाळदेवाच्या मृत देहात परमेश्वराने प्रवेश केला, असे पंथ मानतो. म्हणून रिद्धपूरला १२७८च्या सुमारास नागदेवाचार्यांच्या आठवणींवरून आणि इतरांकडे चौकशी करून लीळा जमवताना गावाचे नाव, जेवण, झोप, थट्टा यांतले काहीच क्षुल्लक ठरले नाही. आपली समीक्षा या तपशिलांना वास्तववाद किंवा समाजेतिहासाचे साधन म्हणते. तेवढ्याने भागत नाही. संकलकाच्या लेखी ती देवाच्या सान्निध्याची साक्ष होती.

तुलनेने हे स्पष्ट होते. फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तही (१६१६) देव माणूस होतो, पण एकदाच, आणि ती कथा शास्त्रग्रंथात आधीच सिद्ध असल्याने कवीला साक्षीदार शोधावे लागत नाहीत, तो ओव्या रचतो. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने तर अवतारच नाकारला. पुण्यात रानडे-भांडारकर ज्या समाजाचे धुरीण होते, त्याच्याकडे म्हणूनच उपासना आणि व्याख्याने आहेत. देवाचे चरित्र नाही.

देव कधी माणूस झाला का, याचा निवाडा समीक्षेचा नव्हे. पण मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ ‘हो, झाला’ या उत्तरातून जन्मला, हे विसरून तो नीट वाचता येत नाही.