तालिकोटची लढाई तालिकोटला झाली नाही. मग रामरायाची छावणी कुठे होती?

शाळेच्या पुस्तकात 'तालिकोटची लढाई, 1565' एका ओळीत उरकते. आता नकाशा उघडा. तालिकोट आजच्या विजयपुरा जिल्ह्यात, डोणी नदीच्या काठी. तिथून कृष्णा निदान तीस-पस्तीस किलोमीटर दक्षिणेला. फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे दख्खनच्या सुलतानांच्या फौजा 1564 च्या डिसेंबरअखेर तालिकोटला पोचल्या. लढाई झाली जानेवारीत, कृष्णा ओलांडल्यावर. म्हणजे लढाईला नाव मिळालंय ते एका छावणीचं, रणांगणाचं नाहीच.

आपल्याकडे जास्त रुळलेलं नाव राक्षसतागडी. मुंबईच्या सेंट झेवियर्सचे फादर हेरास यांनी 1927 च्या आपल्या ग्रंथात तेच उचललं. पण रक्कसगी आणि तंगडगी ही दोन्ही गावं मुद्देबिहाळ तालुक्यात, कृष्णेच्या उत्तर तीरावर! हे नाव शब्दशः घ्यायचं तर रामराया नदी ओलांडून शत्रूच्या बाजूला तळ देऊन बसला होता. शेरवानींना दोन्ही नावं पटली नाहीत, ते बन्नीहट्टी म्हणतात.

हा नुसता नावांचा वाद नाही. छावणी उत्तरेला असेल तर रामराया चढाई करून गेलेला आणि पाठीशी नदी घेऊन लढलेला सेनापती ठरतो. दक्षिणेला असेल तर स्वतःच्या मुलखात, उतार अडवून बसलेला आणि हुलकावणीला फसलेला. पराभवाची कारणं आपण ज्या ठामपणे सांगतो, ती सगळी या एका ठिपक्यावर उभी आहेत.

तो ठिपका बहुतेक वेळा रॉबर्ट सेवेलचा असतो. 1900 च्या 'अ फरगॉटन एम्पायर'मध्ये त्याने सुलतानांचा उतार इंगळगीला धरला आणि रणांगण तिथून मुदगलकडच्या वाटेवर. सेवेलवर माझा राग नाही. त्याने आपला तर्क तळटीपेत मांडलाय, लपवलेला नाही. तक्रार नंतरच्यांबद्दल आहे: ठिपका घेतला, तळटीप सोडली.

सेवेल म्हणतो, लढाईच्या सकाळी शत्रू छावणीपासून दहा मैलांच्या आत आला होता. फारसी तवारिखांतली अंतरं कोसांत असतात, म्हणजे हे पाचेक कोस. आता कोस किती? प्रांतागणिक दोन किलोमीटरपासून चारपर्यंत काहीही. म्हणजे पाच कोस = 10 ते 20 किलोमीटर. उताराभोवती ही दोन अर्धवर्तुळं दक्षिणेकडे काढली तर मधला पट्टा सुमारे 470 चौरस किलोमीटर भरतो. मुंबईच्या तीन-चतुर्थांशाहून मोठा! त्यात एक ठिपका ठेवून 'इथे' म्हणणं मला तरी जमणार नाही. आणि उताराची जागाच दोन-चार किलोमीटर हलली तर पट्टाही हलला.

मग पट्टा लहान कसा करायचा? माझा विषय पाणी, म्हणून मी पाण्याकडून जाते. उतार रोखायला रामरायाने आधी भाऊ तिरुमलला पाठवलं. त्याच्या दिमतीला 20,000 घोडेस्वार, 1,00,000 पायदळ आणि 500 हत्ती, असं सांगितलं जातं. घोड्याला दिवसाला 30 लिटर, हत्तीला 100, माणसाला 5 धरा. साडेबारा लाख लिटर होतात. आकडे फुगवलेले आहेत म्हणता? पाचाने भागा. तरी 2,50,000 लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर रोज 25. आणि ही फक्त एका भावाची तुकडी. रायचूर दुआबातल्या माळावर, जानेवारीत, हे पाणी विहिरींतून निघत नाही. मुदगलच्या वाटेवर त्या काळचं मोठं तळं दाखवता आलं नाही, तर छावणी तिथे बसत नाही. दहा मैल हे अंतर नदीपासून दूरच मोजायला हवं असंही नाही. ते नदीच्या काठाकाठानेही असू शकतं, आणि दोन्ही भाऊ उतार राखत काठानेच फिरत होते.

पाण्याची परीक्षा उत्तर तीरही पास होतो, हे मान्य. तिथे मला तिरुमलची माघार महत्त्वाची वाटते. पराभवानंतर तो सुलतानांच्या आधी राजधानीत पोचला आणि खजिना हत्तींवर लादून पेनुकोंड्याकडे निघाला. मध्ये कृष्णा असती तर ही घाई अवघड होती. जानेवारीत कृष्णेला उतार मिळतात, त्यामुळे 'अशक्य' म्हणणार नाही. पण माझं माप दक्षिण तीराकडे झुकतं.

समकालीन साधनांतून आणखी काही मिळेल का? आफताबीच्या 'तारीफ-ए-हुसेनशाही'चं सुंदर सचित्र हस्तलिखित पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. पण ते अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाचं स्तुतिकाव्य, त्यातून वाटा-ओढे काढायला जाऊ नये.

खरी अडचण आजची आहे. नारायणपूर धरणाचं पाणी या भागात मागे कूडलसंगमापर्यंत चढलंय, तिथल्या जुन्या उतारांवर आता जलाशय आहे. कालव्याखालची शेतं सपाट होतायत, छोटी तळी बुजतायत. सुदैवाने 1960 च्या दशकातली अमेरिकन कोरोना उपग्रहांची छायाचित्रं आता खुली आहेत, धरणाच्या आधीची. त्यांवर आणि जुन्या टोपोशीटवर तळी, ओढे आणि उतार आधी उतरवून घ्यावेत. मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जायचं ते त्यानंतर.